शेगडीजवळची जागा

या मित्रांनो, असे जवळ या. दोरीला पोट टेकलं तरी हरकत नाही, या संग्रहालयाचा राखणदार आत्ता चहाला गेला आहे. पुढच्या उंच मुलांनो, बुटक्यांना जरा पुढे येऊ द्या. माझा आवाज मोठा नाही, आणि मला जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखंही नाही.

मी एक जुनी पत्र्याची शेगडी आहे. माझ्या शेजारी फलक लावला आहे, तो तुमच्या बाईंनी तुम्हाला वाचून दाखवला. ‘गोठवणाऱ्या रानात संपूर्ण हिवाळा काढणाऱ्या चौघांना हिने ऊब दिली.’ ते ऐकून तुमच्यातल्या एकाने मला हात जोडले. देव त्याचं भलं करो. पण मित्रांनो, फलकावर जेवढं मावलं तेवढंच तिथे लिहिलं आहे. जे मावलं नाही ते मी सांगते. गोष्ट ऐकण्यासारखी आहे, पण गोड नाही.

माझा जन्म एका अरुंद गल्लीत झाला. तिथे एक पत्राकाम करणारा कारागीर बसायचा. डबे, चाळण्या, नरसाळी, पन्हळी असं काय लागेल ते करून द्यायचा. एके दिवशी जाड चष्म्याचे एक गृहस्थ कागदावर चित्र काढून घेऊन आले. त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. वारा आणि बर्फ हा त्यांचा अभ्यास होता, आणि त्यासाठी त्यांना एक अख्खा हिवाळा रानात काढायचा होता. त्यांना अशी शेगडी हवी होती जिचे पाय काढता येतील, धुराड्याच्या नळ्या एकमेकींत बसतील, आणि ते सगळं शेगडीच्याच पोटात जाईल. कारागिराने मला ठोकून, वाकवून तसं घडवलं. शेवटची नळी आत सरकवून झाकण लावलं आणि तो सरांना म्हणाला, “घ्या सर, सगळा संसार पोटात. आमच्या घरात हिला दाखवू नका म्हणजे झालं, बायको म्हणेल आपलंही घर असंच आवरा.” सर हसले. मलाही माझा अभिमान वाटला. नव्या पत्र्याला तेवढं चालतं.

सरांच्या घरी मला दिवाणखान्यात ठेवलं. पुढचे कितीतरी दिवस त्या खोलीला घरपण राहिलंच नाही. खुर्च्या भिंतीला गेल्या, सतरंजी गुंडाळली गेली, आणि सरांनी फरशीवर खडूने तंबूची आखणी केली. ही दाराची बाजू, ही वाऱ्याची बाजू, इथे शेगडी, इथे लाकडं. मग जाणाऱ्या चौघांनी त्या खडूच्या रेघांत खरोखर आडवं होऊन पाहिलं. कुणाचे पाय कुणाच्या डोक्याला लागतात, रात्री उठायचं तर कुणाला ओलांडावं लागतं, हे सगळं तिथेच ठरलं. सरांची बायको त्या रेघा ओलांडून चहा आणायची आणि म्हणायची, “माझ्याच घरात मला तंबूच्या दारातून यावं लागतंय.”

ते चौघे कोण, तेही सांगते. एक सर. दुसरे त्यांच्या बायकोचे भाऊ, म्हणजे सरांचे मेहुणे. सगळे त्यांना ‘पाहुणे’ म्हणत, कारण बहिणीच्या घरी ते आले की महिना महिना राहत. फोटो काढणं हे त्यांचं काम आणि लोकांना हसवणं हा स्वभाव. तिसऱ्या एक तरुण डॉक्टरीणबाई, कमी बोलणाऱ्या. आणि चौथे आचारी. त्यांना सगळे काका म्हणत.

काकांविषयी थोडं जास्त सांगायला हवं. त्यांची बायको लवकर गेली होती. मुलगी होती, ती काकांच्या बहिणीकडे, म्हणजे आत्याकडे राहत होती. आत्या वाईट नव्हती, पण तिच्या घरात आधीच माणसं फार आणि जागा थोडी. मुलीला भांडी घासून पोळी मिळे आणि कोपऱ्यात झोप मिळे. सरांच्या संस्थेचं एक वसतिगृह होतं. तिथल्या आचाऱ्याची जागा रिकामी होणार होती, आणि त्या जागेबरोबर स्वयंपाकघरामागची एक खोली होती. चिटणिसांनी काकांना शब्द दिला होता की पूर्ण हिवाळा काढून या, ती जागा तुमची. काकांच्या डोळ्यांपुढे रानही नव्हतं आणि बर्फही नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे ती खोली होती. खिडकी कोणत्या बाजूला असेल, मुलीची गादी कुठे घालता येईल, हे ते बटाटे सोलता सोलता माझ्याशी बोलायचे.

सरांची तयारी पक्की होती, मी खोटं बोलणार नाही. तंबू दुहेरी शिवला होता. बाहेर जाड कॅनव्हास, आत पातळ सुती कापड आणि मध्ये हातभर मोकळी हवा. कॅनव्हासला तेल लावायला त्यांनी साफ मनाई केली, कारण माणसांच्या श्वासाची वाफ कापडातून बाहेर गेली पाहिजे, नाहीतर ती आतच गोठते आणि अंथरुणावर पडते. जमिनीवर झाडाच्या फांद्यांचा जाड थर घालायचा. दाराशी एक खड्डा खणायचा, म्हणजे जड झालेली थंड हवा त्यात उतरते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे अंगाला लागणारी प्रत्येक वस्तू दोन. लोकर दाबून केलेले बूट होते, ते चामड्याच्या मोठ्या बुटांच्या आत घालायचे. त्यांचेही प्रत्येकाला दोन जोड. एक पायात, एक माझ्या डोक्यावरच्या दोरीवर वाळत. सर पुन्हा पुन्हा सांगत, “लक्षात ठेवा, माणसाला थंडी मारत नाही. ओल मारते.”

इतकं ज्याला कळतं त्याच्या हातून चूक कशी होईल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटत होतं. ऐका तर मग.

निघायच्या आधी सगळं सामान तोलून पाहिलं तेव्हा ते ओढण्याच्या बाहेर भरलं. बर्फावरून सामानाच्या घसरगाड्या त्यांनाच ओढायच्या होत्या. प्रत्येकाच्या पिशवीतून काहीतरी काढावं लागणार होतं. सरांचा एक नियम होता, त्याचं त्यांना फार कौतुक. आपल्या पिशवीतून आपण काढायचं नाही, शेजाऱ्याने काढायचं. त्यांचं म्हणणं, स्वतःची वस्तू टाकायला कुणाचा जीव होत नाही, दुसऱ्याला मात्र बरोबर दिसतं की ती वस्तू फालतू आहे.

चौघे फरशीवर गोल बसले. डॉक्टरीणबाईंनी सरांच्या पिशवीतून जाडजूड पुस्तकं काढली. सरांनी पाहुण्यांच्या पिशवीतून आरसा आणि केसांच्या तेलाची बाटली काढली, तेव्हा पाहुण्यांची बहीण दारात उभी राहून पोट धरून हसली. काकांच्या वाट्याला डॉक्टरीणबाईंची पिशवी आली. त्यांना बाईमाणसाच्या पिशवीत हात घालायला संकोच वाटला. शेवटी त्यांनी वरच्या वर दिसणारी साबणाची वडी उचलली आणि माफी मागितल्यासारखी खाली ठेवली.

मग पाहुण्यांनी काकांची पिशवी ओढली. तिच्यात होतंच काय? त्यांनी उलथीपालथी केली आणि लोकरीच्या बुटांचा दुसरा जोड बाहेर काढला.

“आता मला सांगा, काकांना हा कशाला?” पाहुणे म्हणाले. “आपण बाहेर मरणार गारठून, आणि हे बसणार शेगडीला मिठी मारून.”

सगळे हसले. सर हसले, डॉक्टरीणबाई हसल्या. सगळ्यांत मोठ्याने काका हसले, कारण मोठी माणसं त्यांची थट्टा करत होती आणि त्यात माया होती. सरांनी मान हलवली. तो जोड भिंतीकडच्या ढिगात गेला. एका माणसाने जरी म्हटलं असतं की थांबा, नीट विचार करू, तरी पुरलं असतं. पण जी गोष्ट हसण्यावारी ठरते ती पुन्हा कोण उघडतो? नियमच असा होता की आपल्या पिशवीबद्दल आपण बोलायचं नाही. काका नियमाने वागणारे होते.

मग आम्ही डोंगरातल्या त्या रानात पोचलो आणि तंबू उभा राहिला. मित्रांनो, देवाने विस्तवाला एक खोड दिली आहे. तो वर जातो. माझी ऊबही वरच जायची. तंबूत उभं राहिलं की कपाळाला घाम यायचा, बसलं की छातीला बरं वाटायचं, आणि पावलं मात्र गारठलेलीच असायची. फांद्यांचा थर सगळीकडे होता, फक्त माझ्या भोवती नव्हता, कारण ठिणगी पडून तो पेटला असता. म्हणजे माझ्याजवळ जो बसेल त्याच्या तळपायाखाली उघडा बर्फ. माझ्या आचेने तो वितळायचा, चिखल व्हायचा आणि आच कमी झाली की पुन्हा गोठायचा. त्यात काकांचे पाय. शिवाय पाणी म्हणजे बर्फ वितळवायचा, तो बर्फ आणायचा काकांनी. लाकडं काकांनी. खरकटं टाकायला बाहेर जायचं काकांनी. सर आपल्या मोजमापाला ठरल्या वेळी बाहेर जात, पाहुणे उजेड बघून जात. काकांना ठरली वेळ नव्हती. “काका, पाणी संपलं.” “काका, आच उतरली.” चौघांत सगळ्यांत जास्त वेळा ज्याचे पाय ओले होत, त्याच्याच जवळ बदलायला जोड नव्हता.

आणि बाकीच्यांना काय वाटायचं? काकांचा हेवा वाटायचा. बाहेरून आले की म्हणायचे, “काका, राजाची जागा मिळाली बुवा तुम्हाला.” काकांनाही ते खरं वाटायचं. पहाटे काडी ओढताना ते देवाचं नाव घेत आणि हळू आवाजात म्हणत, “देवा, सगळ्यांना पुरू दे रे तुझी ऊब.” मग सगळ्यांच्या बुटांचे जोड माझ्या डोक्यावरच्या दोरीवर उलटसुलट करत. एक सरांचा, एक पाहुण्यांचा, एक बाईंचा. कोरडे झाले की आतून हात घालून बघत आणि प्रत्येकाच्या उशाशी नेऊन ठेवत.

स्वतःचा एकुलता एक जोड वाळवायचा त्यांनी प्रयत्न केला. पिठाचं रिकामं पोतं पायांना गुंडाळून बसायचे आणि बूट दोरीवर टाकायचे. पण बुटांची वाफ निघायला लागते न लागते तोच कुणीतरी हाक मारायचं. मग ते ओलेच बूट पुन्हा पायात, आणि बाहेर.

एकदा डॉक्टरीणबाईंनी त्यांना लंगडताना पाहिलं. खाली उतरायची घळ तेव्हा अजून बर्फाने बंद झाली नव्हती. वाट होती.

“काका, पाय दाखवा बघू,” त्या म्हणाल्या.

“माझे काय पाय बघता बाई? मी तर विस्तवाशी बसलोय.”

बाईंनी मान डोलावली आणि स्वतःच्या बोटांना मलम लावायला घेतलं. तेही पटण्यासारखंच होतं ना? शेगडीजवळच्या माणसाला थंडी कसली? पण मी जवळ होते. मला माहीत आहे, त्या वेळी काकांनी पाय मागे ओढून पोत्याखाली घेतले. खाली पाठवलं तर हिवाळा अपुरा राहील, जागा जाईल, खोली जाईल, एवढंच त्यांच्या मनात होतं. मुलीला शब्द देऊन आले होते. ती आत्याच्या दारात उभी राहून म्हणाली होती म्हणे, “बाबा, आपल्या खोलीला कडी आतून असेल ना?” तेवढीच तिची मागणी.

घळ बंद झाली. त्यानंतर एके दुपारी सगळे जेवायला बसले होते. काका माझ्यात लाकूड सारत होते. एक जळता निखारा माझ्या तोंडातून घरंगळला आणि त्यांच्या पावलावर पडला. चामडं जळल्याचा वास आला, धूर निघाला. काका बोलतच होते. वरणात मीठ कमी झालंय का, असं विचारत होते.

डॉक्टरीणबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. त्या उठल्या, निखारा उडवला आणि काकांकडे बघितलं. काका म्हणाले, “काय झालं बाई?”

त्यांना कळलंच नव्हतं.

बूट कापून काढावे लागले. आत जे होतं त्याचं वर्णन मी तुम्हाला करणार नाही, तुम्ही लहान आहात. सर गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी विचारलं, “काका, तुमचा दुसरा जोड कुठे आहे?”

मित्रांनो, सर विसरले होते. खरोखर विसरले होते. पाहुणे विसरले नव्हते. ते उठून तंबूबाहेर गेले आणि वाऱ्यात उभे राहिले.

काका म्हणाले, “तो खाली राहिला सर. ओझं होत होतं.”

बस, एवढंच. कुणाचं नाव घेतलं नाही.

त्यानंतर सगळ्यांनी जे करायचं ते केलं. पाहुण्यांनी आपला कोरडा जोड काकांच्या पायात घातला, स्वतःच्या हाताने. उरलेला हिवाळा बर्फ त्यांनी आणला, लाकडं त्यांनी फोडली. पुन्हा थट्टा केली नाही. बाईंनी रोज पट्ट्या बदलल्या. पण गेलेला पाय परत आणायची विद्या कुणाला आहे? घळ मोकळी झाली तेव्हा काकांना घसरगाडीवर बांधून खाली नेलं. बुटांच्या एका जोडाचं ओझं वाचवलं होतं, त्यापायी अख्खा माणूस ओढावा लागला. मी त्याच गाडीवर काकांच्या उशाशी होते. वाटेत ते सरांना विचारत होते, “हिवाळा पूर्ण धरतील ना सर?”

हिवाळा पूर्ण धरला. दवाखान्यात त्यांच्या दोन्ही पावलांचा पुढचा भाग काढला.

मग सत्कार झाले. इतक्या कमी सामानात इतका मोठा मुक्काम, असं सगळीकडे छापून आलं. शेजाऱ्याने पिशवी हलकी करण्याचा सरांचा नियम लोकांनी उचलून धरला, आणि पुढे जाणाऱ्या तुकड्यांना तो शिकवू लागले. काकांचे पाय ‘किरकोळ दुखापत’ या दोन शब्दांत मावले.

मला तेव्हा चिटणिसांच्या खोलीत कोपऱ्यात ठेवलं होतं. येणारे जाणारे माझ्यावर छत्र्या ठेवत. त्यामुळे पुढचं मी या कानांनी ऐकलं. सर आले होते, काकांच्या जागेबद्दल बोलायला. चिटणीस गोड बोलले. त्यांनी काकांच्या निष्ठेची तारीफ केली. आणि मग म्हणाले, “पण सर, तुम्हीच सांगा. स्वयंपाकघरात दिवसभर उभं राहायचं असतं. बसून करायचं काम आमच्याकडे कुठंय?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं आता ते बोलतील. बोलतील की हे पाय माझ्या नियमाने गेले, माझ्या हसण्याने गेले. ते म्हणाले, “हो, तेही खरंच आहे.” छत्री माझ्यावरून उचलली आणि गेले. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. खोलीही.

नंतर मी गोदामात पडले. पाय हरवले, एका नळीत उंदरांनी संसार मांडला, गंज चढला. मला त्याचं फार दुःख झालं नाही. पत्रा गंजतो, त्यात रडायचं काय? मग हे दालन बांधलं गेलं तेव्हा कुणाला तरी माझी आठवण झाली. मला घासलं, काळा रंग दिला. आत हा तांबडा दिवा बसवला आहे, तो विस्तवाचं सोंग आहे. हात लावून बघाल तर मी गार आहे.

काका एकदाच इथे आले. काठी टेकत, टाचांवर चालत. बरोबर मुलगी होती, चांगली मोठी झालेली. ती दोघं अजून आत्याकडेच राहत होती. काका ओसरीवर बसून लोकांना भाजी निवडून देत. मुलीचे हात मी बघितले. लहानपणापासून भांडी घासलेले हात लपत नाहीत.

तिने फलक वाचला. सावकाश, बोट फिरवत. मग तिने वडिलांच्या पायांकडे पाहिलं, आणि परत फलकाकडे.

“बाबा, इथे लिहिलंय चौघांना ऊब दिली.”

“दिलीच. हीच ती. माझी जागा हिच्या अगदी जवळ होती बघ, सगळ्यांत चांगली जागा. म्हणून तर मी वाचलो.”

काकांनी दोरीवरून वाकून माझ्या पाठीवर तळहात ठेवला. विस्तव पेटवताना ठेवायचे तसाच, आच आली का बघायला. “गार पडली बिचारी,” ते म्हणाले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी एकदाच देवाजवळ काही मागितलं, ते त्या क्षणी. मला एक निखारा हवा होता. मिळाला नाही. राखणदार म्हणाला, हात लावू नका काका. त्यांनी हात काढला, त्याचीही माफी मागितली आणि मुलीच्या खांद्याला धरून टाचांवर चालत गेले.

आता तुम्ही घरी जाल. तुमच्या घरातही कुणीतरी विस्तवाजवळ बसत असेल. सगळ्यांना गरम वाढत असेल, सगळ्यांचं वाळत घालत असेल. त्याला काय कमी आहे, असं तुम्ही ठरवून टाकू नका. त्याच्या पिशवीतलं काढायच्या आधी त्याचे पाय बघा. तो नको म्हणेल, हसून टाळेल, तरी बघा. मला पुसू नका, रंगवू नका, मला हात जोडू नका. माझी काळजी करून कुणाचं भलं व्हायचं नाही.

माझं मागणं एवढंच आहे. त्या फलकावर काकांचं नाव नाही, आणि आता कुणी लिहिणारही नाही. आज रात्री पांघरुणात शिराल आणि पावलं ऊबदार झाली की झोपण्याआधी एकदा त्यांची आठवण काढा. देवाला म्हणा, एक आचारी होते. सगळ्यांचे बूट कोरडे करून ज्याच्या त्याच्या उशाशी ठेवायचे.